गॅरेजमधलं मलइयो

“हे तुमच्यापैकी कोणी मानणार नाही, आणि मानूही नका. पण बनारसच्या बाहेर खरंखुरं मलइयो आजवर एकदाच झालंय. मिशिगनमध्ये, गाडी ठेवायच्या गॅरेजात. आणि ते मी केलंय.”

मार्चच्या पहिल्या रविवारी, ॲन आर्बरला, माझ्या मुलीच्या घरी जेवणं आटोपल्यावर मी हे वाक्य टाकलं. कारण एवढंच की खोलीत कोणी बोलत नव्हतं. चार माणसं मठ्ठा पीत होती आणि चौघांनाही मीनाक्षीताईंना एकच गोष्ट विचारायची होती. विचारायची हिंमत एकातही नव्हती.

गोष्ट अशी. मीनाक्षीताईंचं बनारसचं परतीचं विमान मंगळवारी होतं. त्यांचा मुलगा अतुल, जो आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एकटाच राहतो आणि गाड्यांच्या कंपनीत काम करतो, त्याला वाटत होतं की आईनं तिकीट रद्द करावं आणि कायमचं इथंच राहावं. ऑक्टोबरात त्यानं त्यांना आणलं ते याच इराद्यानं. मीनाक्षीताई हो म्हणत नव्हत्या, नाही म्हणत नव्हत्या. त्या समोरच्या खुर्चीत, जमिनीतल्या हीटरच्या जाळीवर दोन्ही पाय ठेवून, डोळे मिटून बसल्या होत्या. अतुल त्यांच्या पायांकडे बघत होता.

“मलइयो म्हणजे काय?” आन्या म्हणाली. ही माझी नात. सोळा वर्षांची, मराठी समजते सगळं, बोलते सोयीनं.

“दुधाचा फेस,” मी म्हणालो. “नुसता फेस. केशर, वेलची, वर पिस्ता. तोंडात घातला की गायब. घातला होता की नाही याची शंका येते, म्हणून माणूस मातीची दुसरी कुल्हड घेतो. फक्त थंडीत होतो. दूध आटवायचं, संध्याकाळी उघड्या आभाळाखाली ठेवायचं, त्यावर दव पडायचं, आणि पहाटे घुसळायचं. ऊन चढलं की संपलं. त्यामुळे ते डब्यात भरून कोणी कुठं नेऊ शकत नाही. मी बनारसला चौखंभ्याला राहत होतो तेव्हा रोज सकाळी—”

“बाबा,” नंदा म्हणाली. ती माझी मुलगी, आणि तिचा ‘बाबा’ कुठल्या पट्टीतला आहे हे मला कळतं.

वाचणाऱ्याला आता सांगायला हरकत नाही. मी काशीला कधी गेलेलो नाही. जबलपूरच्या पलीकडे माझं पाऊल पडलेलं नाही. पण अमरावतीला वीज मंडळात माझ्या शेजारच्या टेबलावर मिश्रा नावाचे बनारसी गृहस्थ अकरा वर्षं बसत. कामापेक्षा त्यांचं कचौडीवर जास्त प्रेम. अकरा वर्षं रोज ऐकल्यावर माणूस एखाद्या गावात न जाताही तिथं वाट चुकत नाही. मीनाक्षीताईंना मात्र मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं की तीन वर्षं काशीत काढलीत. त्या सहा पिढ्यांच्या काशीकर. दुर्गाघाटाकडची मराठी वस्ती. त्यांच्या मराठीत हिंदी अशी विरघळलेली की वेगळी काढता येत नाही.

“कुठं राहात होता?” त्यांनी विचारलं होतं.

“चौखंभ्याला.”

“मकान कोणतं?”

“गल्लीत बैल बसायचा, त्याच्या समोरचं.”

“बैल तर हर गल्लीत बसतो.”

“म्हणून तर पोस्टमनला त्रास व्हायचा.”

त्या हसल्या. अतुल म्हणाला, या देशात आल्यापासून आई पहिल्यांदा हसली. तेव्हापासून त्या रोज सकाळी दहाला आमच्याकडे यायच्या, बाराला जायच्या. मधले दोन तास मी बोलायचो. त्या गेल्या तर मला दहा ते बारा टीव्ही बघावा लागणार होता, एवढंच. बाकी माझं काही अडत नव्हतं.

असो. खोलीत परत येतो.

“सुरुवातीपासून सांगतो,” मी म्हणालो, “कारण अतुल आठवडाभर प्लेनोला होता आणि त्याला काही माहीत नाही. डिसेंबरात काय ठरलं होतं, अतुल? आई काय म्हणाली होती?”

अतुलनं मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला. “म्हणाली होती, बनारसची एक तरी चीज इथं नीट मिळू दे, मग राहायचा विचार करीन.”

“मग तू काय केलंस?”

त्यानं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सांगणं भाग होतं. डेट्रॉइटच्या बाजूला जेवढी म्हणून देशी दुकानं आहेत तेवढी त्यानं शनिवार-रविवार ड्राइव्ह करून पालथी घातली. आधी कचौडी आणली. मीनाक्षीताईंनी ती टेबलावर आपटून बघितली. “ही कचौडी नाही, हे बिस्कुट आहे. कचौडी सकाळी सातला खायची, उभ्यानं. भाजी द्रोणात, हिंगाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत. आणि तिच्या पाठोपाठ जिलेबी. जिलेबी संध्याकाळी खातो तो परका.” मग अतुलनं घरी टमाटर चाट केली, व्हिडिओ बघून. आल्याचा कीस, तूप, जिऱ्याचा पाक, वर कुरकुरीत शेव, सगळं साग्रसंगीत. त्यांनी एक चमचा घेतला. “छान झालंय. भात लाव. हे सार आहे.”

चूडा-मटर तर सोपं. तुपात परतलेले पोहे आणि मटार. “तुम्ही लोक पोह्यांना हळद लावून बसवता,” त्या मला म्हणाल्या होत्या, “आम्ही त्यांना हिरवे ठेवतो.” अतुलनं पिशवीतले मटार घातले. मीनाक्षीताईंनी एकेक मटार बोटानं बाजूला काढला आणि ओळीत लावला. “सगळे एकसारखे. कारखान्यात झालेत का?”

शेवटी अतुलच्या मित्रानं, देवांगनं, न्यू जर्सीहून वेस्ट विंडसरच्या कुठल्याशा घरगुती मिठाईवाल्याकडून लौंगलता पाठवली. मैद्याच्या पारीत खवा भरायचा, चौकोनी घडी घालायची, घडी सुटू नये म्हणून वर लवंग टोचायची, तळायची आणि पाकात टाकायची. पार्सल उघडलं तर एकाही घडीवर लवंग नाही. “मुलांच्या दाताखाली येते म्हणून काढत असतील,” अतुल म्हणाला. मीनाक्षीताईंनी एकेक घडी उलटून बघितली. मग म्हणाल्या, “लवंग काढली, मग लता कोणाची?”

“आणि मग उरलं मलइयो,” मी म्हणालो. “त्या म्हणाल्या, ते सोडा, ते इथं होणार नाही. आणि मी म्हणालो, का नाही होणार? मी चौखंभ्याला असताना स्वतः घुसळलंय.”

“हे तुम्ही खरंच म्हणालात, काका?” सत्यजित हसत म्हणाला.

सत्यजितची ओळख करून द्यायला हवी. पुण्याचा मुलगा. नंदाच्या तळघरात भाड्यानं राहतो आणि युनिव्हर्सिटीत पीएचडी करतो. विषय: फेस. शपथेवर सांगतो, हे मी रचलेलं नाही. साबणाचा, दुधाचा, रंगाचा, कसलाही फेस किती वेळ टिकतो आणि का बसतो, यावर हा मुलगा पाच वर्षं सरकारी खर्चानं विचार करतोय.

गेल्या सोमवारी अतुल ऑफिसच्या कामासाठी प्लेनोला निघाला. आईला आमच्याकडे सोडलं, आणि दारात बूट घालता घालता मला म्हणाला, “काका, तुम्हीच बोला ना तिच्याशी. मी राहा म्हटलं की तिला वाटतं मी बिचारा आहे.” मी म्हणालो, शनिवारी येशील तोवर काम झालेलं असेल.

“तर मंगळवारी आम्ही एक गॅलन दूध आटवलं,” मी पुढे म्हणालो. “नंदाचं सगळ्यात मोठं पातेलं. संध्याकाळी मागच्या डेकवर ठेवून दिलं, उघड्या आभाळाखाली, शास्त्रात सांगितल्याप्रमाणे. शास्त्र बनारसला लिहिलंय हे आम्ही विसरलो. बाहेर उणे सोळा. सकाळी जाऊन बघतो तर पातेल्यात वीट. पांढरी, चकचकीत वीट, आणि विटेला चिकटलेली एक खार.”

“नो,” आन्या म्हणाली.

“जिभेनं चिकटलेली. चाटायला आली आणि अडकली. मी पातेलं खारीसकट किचनमध्ये आणलं. मीनाक्षीताईंनी नंदाचा केस वाळवायचा ड्रायर लावला. पाच मिनिटांत जीभ सुटली. खार पातेल्याच्या काठावर बसली, आम्हा दोघांकडे बघितलं, आणि पुढच्या दारानं निघून गेली. दार मी उघडलं, अर्थात. तेव्हापासून रोज सकाळी सातला येते आणि डेकच्या काचेवर ठोकते.”

“आजोबा, स्क्विरल्स डोन्ट नॉक.”

“तुझ्यासाठी नाही ठोकत. सातला उठत नाहीस तू.”

“माझ्या ड्रायरला दुधाचा वास येतोय,” नंदा म्हणाली, “तो खारीमुळे?”

“मीनाक्षीताई, खरं की नाही?” मी विचारलं.

मीनाक्षीताईंनी डोळे उघडले नाहीत. “खार होती,” त्या म्हणाल्या. बाहेर डेकवर खारी दिवसभर असतातच, त्यामुळे त्यांना खोटं बोलावं लागलं नाही. मी पुढे निघालो.

“बुधवारी शहाणे झालो. डेक सोडला, गॅरेज धरलं. नंदाची गाडी आत असली की गॅरेजात तीन-चार अंश राहतात. बनारसच्या पौषासारखे. पण दव? दवाचं काय? मी सत्यजितला बोलावलं.”

“मी सांगितलं की दव म्हणजे हवेतलंच पाणी,” सत्यजित म्हणाला, “आणि इथं हिवाळ्यात हवा एकदम ड्राय. तुमच्या ओठांकडे बघा म्हटलं.”

“हा एवढंच म्हणाला. पुढचं मला सुचलं. थंडीत माणसानं श्वास सोडला की वाफ दिसते, म्हणजे पाणी आलं. एका माणसाच्या श्वासानं काय होणार? याच्या लॅबमधली अकरा मुलं बोलावली. टोप्या, मफलर, जाड कोट, पातेल्याभोवती गोल उभी केली आणि म्हणालो, हां, सोडा. अकरा जण एकदम हाऽऽ. गॅरेजात धुकं झालं. गंगेवर होतं तसं. पलीकडचा माणूस दिसेना.”

“अकरा नाही, तीन होते,” सत्यजित अतुलला म्हणाला. “आणि ते सायकल ठेवायला आले होते.”

“धुक्यात नीट मोजता आलं नाही तुला. तेवढ्यात मीनाक्षीताई चपला घालून आल्या. बघितलं. म्हणाल्या, हे काय? मी म्हणालो, दव. त्या म्हणाल्या, हे उष्टं.”

इथं नंदा हसली. मीनाक्षीताईंचाही एक पाय हीटरच्या जाळीवर थोडा हलला.

“मी वाद घातला. तोंड लावलं तर उष्टं. फुंकर मारली तर, चला, अर्धं उष्टं. पण नुसता श्वास सोडला तर उष्टं कसं? त्या हिशोबानं जगातली सगळीच हवा उष्टी. त्या म्हणाल्या, नैवेद्याच्या ताटावर कोणी हाऽऽ करतं का? त्या मुलांत एक ब्राझीलचा होता. त्यानं विचारलं, उष्टं म्हणजे काय? सत्यजितनं समजावून सांगायला सुरुवात केली. वीस मिनिटांनी तो बॅक्टेरियावर आला. ब्राझीलवाला म्हणाला, पण दूध उकळता येईल की. सत्यजित म्हणाला, उकळून जात नाही ते.”

“हे मी म्हटलंय,” सत्यजितनं कबूल केलं. “अगदी असंच.”

“ते दूध मुलांनी कॉफीत घालून संपवलं. उष्टं उष्ट्याच्या पोटात गेलं.”

अतुल हसत नव्हता. त्याची नजर माझ्यावरून आईवर आणि आईवरून माझ्यावर जात होती. तो शेवटाची वाट बघत होता. माणूस शेवटाची वाट बघत असला की मला मधला भाग वाढवावासा वाटतो. ही माझी जुनी खोड आहे.

“गुरुवारी खरा घोटाळा लक्षात आला,” मी म्हणालो. “मीनाक्षीताईंनी दुकानातलं दूध तापवलं, गार केलं आणि मला दाखवलं. साय कुठंय? म्हणाल्या. बघतो तर नुसती कागदासारखी. सत्यजित म्हणाला, इथलं दूध मशिनमधून काढतात. आतलं लोणी इतकं बारीक फोडतात की ते वर येतच नाही. मी विचारलं, पाच दिवस आधी का नाही बोललास?”

“तीन दिवस. आणि मला कोणी विचारलं नव्हतं.”

“मग आम्ही तिघं याच्या गाडीतून तासभर लांब एका शेतावर गेलो. तिथं एक म्हातारा दूध विकतो, काचेच्या बाटल्यांत, मशिन न लावलेलं. वर चार बोटं साय. मीनाक्षीताईंनी बाटली उन्हात धरली, तिरकी केली, साय कशी सरकते ते बघितलं. म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं, तुमच्याकडे किती गाई आहेत? त्या म्हणाल्या, मोहल्ल्यात चाळीस. सत्यजितनं तसंच सांगितलं. म्हाताऱ्यानं टोपी काढली.”

हा भाग खरा आहे. टोपी काढल्याचाही. येताना गाडीत त्या मागच्या सीटवर चार बाटल्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खाली ठेवा म्हटलं तर ऐकेनात. दोन्ही बाजूंना बर्फाची सपाट शेतं होती आणि त्या काचेतून बघत होत्या. एकदाच बोलल्या. म्हणाल्या, “या दिवसांत आमच्याकडे ठठेरी बाजारात सकाळी चालायला जागा नसते.” मी म्हणालो, हो ना, मला धक्के आठवतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा काचेकडे तोंड केलं.

हे मी खोलीत सांगितलं नाही.

“त्या संध्याकाळी दूध आटवून गॅरेजात ठेवलं,” मी म्हणालो. “त्यावर त्यांच्या जुन्या सुती साडीचा तुकडा, ओला करून. शेजारी आन्याच्या खोलीतलं हवेत वाफ सोडायचं यंत्र.”

“माय ह्युमिडिफायर! आजोबा, मी शोधत होते!”

“दव कुठून तरी आणायला नको? आता शुक्रवार. सकाळचे साडेपाच. घुसळायला रवी हवी. या घरात रवी एकच. ती.” मी भिंतीकडे बोट केलं. दिवाणखान्याच्या भिंतीवर नंदानं एक शिसवी रवी, दोन पितळी पळ्या आणि एक सूप शोभेला टांगलेलं आहे. येणारे गोरे लोक त्याचे फोटो काढतात. “बावीस वर्षं ती रवी बेकार होती. तिला मी कामावर घेतलं. पण एवढं दूध हातानं घुसळणार कोण? मी बहात्तर, त्या अठ्ठ्याहत्तर, आणि सत्यजित फक्त विचार करतो. गॅरेजात नंदाच्या नवऱ्याचं ड्रिल होतं.”

“नाही,” नंदा म्हणाली.

“रवीचा दांडा ड्रिलमध्ये बसवला. मिस्त्रीसारखा. बटण दाबलं. पहिलं एक मिनिट काही नाही. दुसऱ्या मिनिटाला दूध जागं झालं. मीनाक्षीताई वरचा फेस तळहातानं काढून परातीत टाकायला लागल्या. परात भरली. दुसरी भरली. साखर, केशर, वेलची पडली आणि फेस पिवळा झाला, आणि थांबेना. बादली भरली. मग जमिनीवर. आधी टायर गेले, मग दरवाजे, मग गाडीचे आरसे. मी आरशापर्यंत फेसात, ड्रिल डोक्यावर धरलेलं. सत्यजित ओरडतोय, काका, बटण सोडा! मी म्हणतोय, बटण सापडत नाही!”

“टेक्निकली,” सत्यजित म्हणाला, “व्हॉल्यूम सहापट झालं होतं. ते खूप असतं.”

“सहापट त्याच्या मोजपट्टीत. दाराखालून फेस ड्राइव्हवेवर आला. शेजारचा डग फावडं घेऊन सकाळचा बर्फ काढायला निघाला होता. त्याला वाटलं पिवळा बर्फ. या गावात पिवळ्या बर्फाला कोणी हात लावत नाही, कारण कुत्री फार. पण वास केशराचा! त्यानं फावड्याच्या टोकानं थोडा उचलला, चाटला, आणि तिथंच उभा राहिला. मग आपला ड्राइव्हवे सोडून आमचा साफ करायला लागला. अख्खा साफ केला. जीभ आणि फावडं, आळीपाळीनं.”

आन्या सोफ्यावर आडवी झाली होती. नंदा डोळे पुसत म्हणाली, “आता कळलं गॅरेजचं दार का चिकटतं.” अतुलही शेवटी हसला, नाकातून, मनाविरुद्ध. माझी लोणकढी थाप असेल तर अशीच असते. कढवावी लागते. आच कमी ठेवायची आणि ढवळत राहायचं.

आता खरं काय झालं ते. फेस दोन पराती झाला, बस. पण झाला. सहाच्या सुमाराला मीनाक्षीताईंनी गॅरेजचं दार वीतभर उघडायला लावलं, उजेड हवा म्हणून. कॅम्पिंगची घडीची खुर्ची मांडली. साडीवर अतुलचा कोट, पायात अतुलचे बर्फाचे बूट. कुल्हड नव्हती म्हणून स्टीलची वाटी. त्यांनी आधी बोटानं चव घेतली. मग वाटी संपवली. मग मला न विचारता दुसरी भरून घेतली आणि तिच्यात तळाचं केशरी दूध ओतून तीही संपवली. पंधरा मिनिटं लागली असतील. दाराच्या फटीतून बर्फावरचा उजेड त्यांच्या बुटांवर पडला होता. सत्यजित आत हात धुवायला गेला होता. त्यांनी वाटी मांडीवर ठेवली आणि मला एक वाक्य म्हणाल्या. मी त्यांना एक वाक्य म्हणालो. मग आम्ही परात उचलली.

खोलीत हसणं ओसरलं. अतुल पुढे सरकून बसला.

“म्हणजे झालं?” तो म्हणाला. “खरोखर झालं? तिनं खाल्लं?”

“दोन वाट्या,” सत्यजित म्हणाला. “काका, तेवढं मात्र शंभर टक्के खरं. वाट्या मी धुतल्या.”

“आवडलं तिला?”

“विचार की,” मी म्हणालो, “समोर बसल्यात.”

त्यानं विचारलं नाही. त्याच्यानं झालं नाही ते. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, हाताखाली तीस इंजिनिअर, आणि तो आईसमोर परीक्षेचा पेपर हातात पडायची वाट बघत असल्यासारखा बसला होता. नंदानं पेले गोळा करायला सुरुवात केली होती, ती थांबली. आन्या उठून बसली. मीनाक्षीताईंनी डोळे उघडले होते. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला दोन दिवस दिले होते त्यांनी. शनिवार गेला, रविवार दुपारपर्यंत आला. त्यांनी आणखी थोडी वाट बघितली. गप्पेची एक लय असते, आणि ज्या माणसानं खार, अकरा श्वास आणि डगची जीभ इथपर्यंत आणलीय, त्यानं शेवट भलताच सांगितला तर लोक नाराज होतात.

“तुम्हीच सांगा, काका,” अतुल म्हणाला. “काय म्हणाली ती?”

“आता ऐक,” मी म्हणालो. “वाटी मांडीवर ठेवली. पदरानं ओठ टिपले. मला म्हणाल्या, राजारामजी, हुबेहूब चौखंभ्याचं. तिथल्यापेक्षा तसूभर कमी नाही. जे तिथं होतं ते इथं झालं. आता मी परत जाऊन काय करू? आणि तिकिटाचं अतुलला सांगा, म्हणाल्या, की—”

“झूठ,” मीनाक्षीताई म्हणाल्या.

त्यांनी पाय जाळीवरून उचलून खाली ठेवले.

“हुबेहूब म्हटलं मी, ते खरं आहे. पण पुढचं तुम्ही बदललंत, राजारामजी. हे खाल्लं आणि आता राहवत नाही, मंगळवारी जातेच, असं म्हटलं मी. आणि तुम्ही म्हणालात, अतुलला मी सांगतो. म्हणून तर दोन दिवस तोंड बंद ठेवून बसले.”